अकरा कोंबड्या आणि सहा फुटांची दांडी

पलीकडच्या घरातले काका नसते तर आमच्या अंगणातलं खुराडं कधीच उचललं गेलं असतं. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की मीच डोकं चालवलं. माझं डोकं त्या दिवसांत चालत नव्हतं, नुसतं पळत होतं. काका सिटी बसचे निवृत्त कंडक्टर. सगळा जन्म सदाशिव पेठेत भाड्याच्या जागेत काढला, ती जागा सुटली तेव्हा कात्रजला आमच्या शेजारी आले. एकटेच. मध्ये छातीएवढी भिंत, आणि त्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ काकांचे दोन कोपर.

माझं माहेर चंद्रपूरच्याही पुढं, जंगलाच्या अंगाला. सातवीत शाळा सुटली, मग लग्न होऊन इकडे आले. नवरा ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. आमची खोली एका शेतकरी घराच्या बंगल्यामागे आहे. त्यांची शेती आता राहिली नाही, पण मागचं अंगण राहिलंय. मालकीणबाईंना मी मावशी म्हणते. पहिल्या वर्षी माहेरून परतताना मी एक कोंबडी टोपलीत झाकून आणली होती, तेव्हा त्यांनी जुनी जाळी आणि एक मोडका दरवाजा काढून दिला.

"बांध खुराडं. मावत्याल तेवढ्या ठेव," म्हणाल्या. "पर आरामात मावाय पायजेत. दाटीवाटी मला खपायची न्हाय."

मी हो म्हटलं. आरामात म्हणजे किती, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

कोंबडी खुडूक झाली, उबवायला बसली ती जागेवरून उठेना. मी खालच्या वस्तीतून गावरान अंडी आणली आणि किती बसवू म्हणून आईला फोन केला.

"तेरा बसव. जोडीचा आकडा नको घेऊ."

"एवढी पिल्लं ठेवू कुठं?"

"तेरा काय राहतात होय? दोन घार नेते, दोन मांजर नेते. मानमोडी आली का तीन-चार जातीन. पाच हातात आली तरी गंगेत घोडं न्हालं."

आमच्याकडे असंच मोजतात. ठेवायच्या किती ते आधी धरायचं, मग जाणाऱ्या त्यात मिळवायच्या आणि तेवढी अंडी बसवायची. मी पाच-सहा डोळ्यांसमोर ठेवून खुराडं बांधलं. सहा फूट लांब, चार फूट रुंद, आत बसायला लांबीभर एकच दांडी.

पण इथं कुणी गेलंच नाही. बांधकामाची हिरवी जाळी मावशींच्या माळ्यावर पडली होती, ती मी अंगणावर ताणली. घारी वरून फिरायच्या आणि निघून जायच्या. मांजराला जाळीतून वाट नव्हती. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेऊन मानमोडीची लस दिली, डोळ्यात एकेक थेंब. एक अंडं वाया गेलं, बारा पिल्लं निघाली आणि बाराही वाढली. त्यातले दोन कोंबडे निघाले, ते नवऱ्याच्या सुट्टीत संपले. उरल्या दहा तलंगा, म्हणजे कोवळ्या माद्या, आणि त्यांची आई. अकरा.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "काहून वं, एकही नाही गेलं? थांब जरा. पावसाळ्यात जातीन."

मी थांबले. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. सकाळी खुराडं उघडायच्या आधी मी बाहेरूनच मोजायची आणि अकराच भरायच्या. एखादी कमी असती तर बरं वाटलं असतं. अशी कशी मी, म्हणून परत मोजायची. दिवसातून दहा वेळा मागे जायची. भाजी फोडणीला टाकून जायची आणि करपवायची.

पावसाळ्यात कुणी गेलं नाही, पण दिवस-दिवस आत कोंडून बसल्यावर त्या एकमेकींना टोचायला लागल्या. शेपटीपाशी पिसं उपटायच्या, रक्त आलं की सगळ्या तिच्यावर तुटून पडायच्या. मी हळद लावायची. एक दिवस मावशी कपडे वाळत घालायला मागे आल्या आणि त्यांनी एकीची उघडी पाठ पाहिली. आवाज चढवला नाही.

"हे आराम हाय का गं?" एवढंच म्हणाल्या. "रविवारी परत बघीन. टोचलेली दिसली तर खुराडं उचलायचं. समदंच."

तो मंगळवार होता.

खुराडं गेलं असतं तर माहेराहून आणलेली, जिवंत अशी एकच गोष्ट माझ्यापाशी होती, ती गेली असती. मी वही घेऊन बसले. सहा गुणिले चार, चोवीस. इथपर्यंत शाळा झाली होती. पण चोवीसला भागायचं कशानं? मोबाइलवर एक माणूस सांगत होता की एका कोंबडीला दोन फूट पुरे. दुसरा म्हणत होता, चार हवेतच. म्हणजे बारा किंवा सहा. एकाचं ऐकलं तर अकराही चालतात, दुसऱ्याचं ऐकलं तर पाच घालवायच्या. मी दोन्ही व्हिडिओ परत परत लावत राहिले.

"अहो बाई," भिंतीवरून आवाज आला. "कोंबड्यांनाच दाखवा तो व्हिडिओ. तेवढाच त्यांचा वेळ जाईल."

मला रडूच आलं. काका गडबडले. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं, रविवारचंही.

"दिवसा मोजून काय कळणार?" ते म्हणाले. "डेपोत उभी असलेली बस कायम मोठीच दिसते. दिवे लागायच्या वेळी मी येतो, दांडीवर बसतात तेव्हा बघू. आणि पाऊस असेल तर फारच उत्तम, गर्दीचाच दिवस धरायचा."

पाऊस होता. संध्याकाळी काका छत्री घेऊन आले आणि खुराड्यासमोर उलट्या बादलीवर गुडघे चोळत बसले. कोंबड्या दांडीवर चढायला लागल्या. नऊ चढल्या, दोन खाली.

"नऊ मावतात," मी म्हणाले.

"मावतात, पण बसत नाहीत. कडेची बघा." कडेची घसरली, परत उडाली, मधलीला चोच मारून घुसली, तेव्हा दुसऱ्या टोकाची पडली. अंधार पडेपर्यंत हेच चाललं होतं. काकांनी मधल्या एकीशेजारी हाताची वीत ताणली. "एकीला एक वीत. दांडी आठ वितींची. म्हणजे आठ सीट."

"म्हणजे आठ ठेवू?"

"सात. एक सीट रिकामी पाहिजे. भांडण झालं की एकीला उठून दुसरीकडे बसायला जागा लागते. ती नसली की मग मारामारी, तीस वर्षं बघितलंय मी. आणि उभे प्रवासी आपण घेत नाही."

"दुसरी दांडी बांधली तर?"

"बांधा. पण पावसात दिवसभर बसणार त्याच चोवीस फुटांत ना? बसला मजला चढवला म्हणून दार रुंद होत नाही."

सात म्हणजे चार घालवायच्या. कोणत्या, ते मला ठरवता येईना. काका म्हणाले, तुम्ही ठरवूच नका, तीन संध्याकाळी बघा, कोण पडतं ते दांडीच सांगेल. मी वहीत लिहिलं. लाल मानेची तिन्ही दिवस पडली. दोन काळ्या आलटून-पालटून पडल्या. आणि चौथी, जी एकदाही चढलीच नाही, तिचं मी दोन दिवस लिहिलंच नव्हतं. ती आई. मी मनाशी म्हणत होते की तिचं वय झालंय, तिला खालीच बरं वाटतं. शुक्रवारी मी जवळ गेले तेव्हा तिनं मान वर करून दांडीकडे बघितलं, पंख उचलले, आणि वरच्या दोघींनी चोची उगारल्याबरोबर पंख मिटून घेतले.

काकांनी वही वाचली. "हिला मी या चौघींत धरत नाही," ते म्हणाले. "ही तुमच्या माहेरची. हिच्या जागी दुसरी पाठवा."

एवढ्यावर सुटता आलं असतं. मी रात्रभर कुशी बदलल्या. दुसरी पाठवली तरी ही खालीच राहणार होती. मी तिला तिच्यासाठी ठेवत नव्हते, माझ्यासाठी ठेवत होते.

लोणी काळभोरला काकांच्या जुन्या ड्रायव्हरचा मळा आहे. मोकळी जागा, झाडं, बसायला फांद्या हव्या तेवढ्या. शनिवारी सकाळी काकांनी स्कूटरवर दोन टोपल्या बांधल्या. तिला मी माझ्या हातानं आत ठेवलं. संध्याकाळी त्यांनी सांगितलं, "पोचल्या. तुमची म्हातारी थेट आंब्यावर. उतरवायला गेलो तर मलाच चोच मारली."

रविवारी दिवे लागायच्या वेळी मावशी आल्या, वाकून बघितलं. मग विचारलं, "ही एक जागा मोकळी का सोडलीस?"

"ती तशीच ठेवायची आहे."

"बरं केलंस," म्हणाल्या आणि कपडे गोळा करून गेल्या.

मी आईला अजून सांगितलेलं नाही. ती विचारते, आपली म्हातारी कशी आहे, आणि मी म्हणते, आरामात आहे.

काका अंडी घेत नाहीत. एकदा नेऊन दिली तर म्हणाले, "आम्हाला फुकट पासवर प्रवास चालत नाही." त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी कधीचं सांगितलंय. घरी बघायला कुणी नाही म्हणून ते पुढं ढकलत राहतात. त्यांच्याशी हे बोलायची माझी अजून हिंमत झालेली नाही, बोलले तर काहीतरी टोमणा मारतील. पण ते ज्या दिवशी दवाखान्यात भरती होतील, त्या दिवसापासून ते काठीशिवाय चालायला लागेपर्यंत त्यांचा चहा, जेवण, गोळ्या, उठवणं-बसवणं सगळं मी करीन. मग कितीही दिवस लागोत.