लग्नाच्या प्रसंगाची पाच पानं

संपाच्या दिवसांत मी सरकारी पाहुण्यासारखा राहत होतो. वेळेवर उठायचं, दाढी करायची आणि काहीही करायचं नाही. एरवी मालिकेचं चित्रीकरण मुंबईत चाले आणि मी भोरमध्ये बसून प्रसंग लिहीत असे. सकाळी चौकातल्या फोन-बूथवर पानं दिली की बूथवाले भाई ती निर्मात्याच्या कचेरीत फॅक्स करत. मालिकेचे पहिले वाचक तेच, आणि सर्वांत निर्दयही.

सेटवरच्या कामगारांच्या संपाची मागणी साधी होती, दिवसाला बारा तासांपेक्षा जास्त काम नको. आमच्या लेखक-संघटनेने पाठिंबा दिला. मुंबईत सगळ्यांच्या एकत्र सभेत, एक ओळही द्यायची नाही, अशी हात वर करून शपथ झाली. भाषणं इतकी लांबली होती की सुटका होणार असेल तर मी दोन्ही हात वर केले असते. माझ्या शेजारी आमच्या सेटवरचा लाइटवाला होता, वेल्ह्याकडचा. सतराव्या तासाला उभ्या उभ्या डोळा लागून तो शिडीवरून पडला होता. त्याने उजवा हात वर केला. डावा खांद्याच्या वर जात नव्हता.

तोही गावी परतला होता. गावात मोबाईलला रेंज नाही म्हणून एक दिवसाआड एसटीने भोरला यायचा. अकरा वाजता बूथवर संघटनेचा फोन येई. तो माझ्याबरोबर ऐकायचा, टपरीवर चहा घ्यायचा आणि परत जायचा.

तिसऱ्या आठवड्यात निर्मात्याचा फोन आला. "आपण एक कुटुंब आहोत. फक्त लग्नाचा प्रसंग दे. तुझं नाव घालत नाही. भोरमध्ये कुणाला कळणार?" न दिल्यास पुढची मालिका दुसऱ्याकडे जाईल, हे त्याने अतिशय प्रेमाने सांगितलं. मी म्हणालो, "विचार करतो." आणि विचार न करता पाच पानं लिहिली.

दुसऱ्या दिवशी ती घेऊन बूथवर गेलो. भाईंना म्हणालो, "झेरॉक्स काढा." तेवढ्यात समोर एसटी थांबली आणि लाइटवाला उतरला. आज त्याचा यायचा दिवस नव्हता. मी घाईने बाहेर गेलो, त्याला चहाच्या टपरीकडे वळवायला. तो वळला नाही.

"न्हाई साहेब, आधी फोन. आज काय तरी ठरणार म्हनत्यात."

आम्ही आत आलो. झेरॉक्सचं मशीन थंड होतं. माझं चौथं पान फॅक्समध्ये अर्धं शिरलं होतं.

"भाई!" मी पान ओढलं. ते फाटलं.

"या अल्ला! तुमची पानं म्हटलं की हात तिकडंच जातो हो," भाई म्हणाले. "तीन गेली."

लाइटवाल्याने फाटका तुकडा उचलला. मंडप, वरमाला, सनई. मग माझ्याकडे पाहिलं. "संप मिटला व्हय?"

"माझी चूक," भाई घाईने म्हणाले. "ते झेरॉक्स सांगत होते, म्या फॅक्सला लावलं."

"झेरॉक्स कशापायी?"

फोन वाजला. संघटनेचे चिटणीस. आज काही ठरलेलं नाही, निश्चय अढळ ठेवा वगैरे. मी म्हणालो, "माझ्याकडून तीन पानं गेली. बूथवाल्यांनी चुकून..." भाई जोरजोरात मान डोलावू लागले. स्वतःच्या चुकीला इतकी उत्साही साक्ष देणारा माणूस मी पाहिलेला नाही. चिटणीस म्हणाले, "यंत्राची चूक असेल तर हरकत नाही."

सुटलो होतो. लाइटवाला तुकडा उजव्या हातात धरून उभा होता.

"यंत्राची नाही," मी म्हणालो. "झेरॉक्स माझ्याजवळ ठेवायला होती. पानं दुपारी गुपचूप कुरिअरने निर्मात्याकडे जाणार होती."

 चिटणीस म्हणाले, "सोमवारी या. सभेपुढे सांगा."

मी फोन ठेवला. लगेच पुन्हा वाजला. निर्माता होता. "शाबास! पण चौथं अर्धंच आलं. नवरी काय म्हणते?"

"मिळणार नाही," म्हणालो आणि ठेवला. रिसीव्हर उलटा ठेवला गेला, भाईंनी तो सरळ केला. शौर्याचा प्रसंग मी असा कधीच लिहिला नसता.

लाइटवाल्याने तुकडा गल्ल्यावर ठेवला आणि त्यावर कागदाला भोकं पाडायचा पंच ठेवला, उडू नये म्हणून.

"सोमवारी म्या बी येतो," तो म्हणाला. "सोबतीला न्हाई. तुमी खरंच सांगताय का, ते बघाया."

एरवी तो चहाला थांबे, आज थांबला नाही. एसटीला अजून पाऊण तास होता.