ट्रकचा पाइप

पंच्याऐंशी सालाच्या आसपास हसनाबादच्या स्टँडवर एक टॅक्सीवाला होता. नाव कधी विचारलं नाही. जुन्या पेट्रोल गाडीला त्यानं ट्रकचा जाड सायलेन्सर पाइप बसवला होता. आवाज वस्तीवर पोचला की पॅसेंजर आपोआप रस्त्यावर येतात, हे त्याचं डोकं.

आईला दम्याचा झटका आला तेव्हा तीच गाडी मिळाली. जालन्याच्या वाटेवर चढ लागला आणि गाडी नुसतीच गरजत राहिली, पुढं सरकेना. आईचे ओठ निळे पडत चालले होते. तो स्टिअरिंगवर छाती टेकून असा झुकला, जणू गाडी स्वतःच ओढतोय.

"एवढा आवाज, अन् चढत का न्हाई?" मी खेकसलो.

"आवाजच हाय, भाऊ. पाइप मोठा केला अन् ओढ गेली. उतरा जल्दी, धक्का मारा. माय बसू द्या."

मी जीव खाऊन ढकललं. आई वाचली.

तिला घेऊन परतलो तेव्हा त्याच्या गाडीला पुन्हा जुना बारीक पाइप होता. जाड पाइप स्टँडवरच्या कडुलिंबाला टांगलेला. गाडी सुटायची वेळ झाली की तो त्यावर पान्हा हाणायचा.

आईकडं न बघताच तो म्हणाला, "त्याला ओरडताच येतं. मंग ओरडू द्या इथंच."