बुरुजाची टोपी

संस्थानी काळात भोरात विलायतेहून परतलेले एक इंजिनियरसाहेब होते. फ्रान्समधलं एक जुनं तटबंदीचं शहर पाहून आल्यापासून त्यांच्या अंगात तेच संचारलं होतं. आपल्या घराच्या ओट्यावर बसून ते आम्हाला ऐकवत, "तिथल्या लोकांनी तटाचे दगड पळवून घरं बांधली. रानटी कुठले! मग सरकारने तट दुरुस्त केला, बुरुजांवर निमुळती छपरं चढवली."

तसलंच पत्र्याचं छप्पर या शहाण्याने आमच्या गडाच्या ढासळलेल्या बुरुजावर चढवलं. बुरुजाला छप्पर! मग तोफ काय माळ्यावर ठेवायची? आषाढातल्या वाऱ्याने ते उचलून दरीत फेकलं.

"इथल्या लोकांना इतिहासाची कदरच नाही," साहेब ओट्यावरून कडाडले. त्या ओट्याचे घडीव चिरे त्याच बुरुजाचे होते.