काम काय करता?

ज्ञानदेव साळवे बावीस वर्षं तळवड्याच्या एका फाउंड्रीत वाळूच्या साच्यांत ओतलेले लोखंडी भाग ग्राइंडरवर घासत होते. खोकला जुनाच. गेल्या फेब्रुवारीत कारखान्यात तपासणीची गाडी आली. छातीचा फोटो काढला आणि पाच मिनिटांत कागद हातात आला : टीबीचा संशय.

"डॉक्टर कुठंयत?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर नाहीत, काका. फोटो एआय बघतं," टेक्निशियन म्हणाला आणि त्याने पुढच्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने गेटवरूनच परत पाठवलं. दवाखान्यात तपासलेल्या थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी ज्ञानदेवांच्या मनातून शंका जाईना. कॉम्प्युटरला दिसलंय म्हणजे असणारच. रहाटणीच्या दोन खोल्यांत त्यांनी आपलं ताट वेगळं केलं. तीन वर्षांची नात दीक्षा जवळ आली की ते भिंतीकडे तोंड करत. दवाखान्यात पुन्हा फोटो, पुन्हा तोच कागद. कुणी म्हणे गोळ्या सुरू करा, कुणी म्हणे थांबा. मला झालंय काय, हे मात्र कुणी सांगेना. जिना चढताना दम लागायचा. बायको केसरबाई पाठीला हात लावून मागे उभी राहायची.

चौथ्या महिन्यात सरकारी रुग्णालयात डॉक्टर वर्षाली भेटल्या. फोटो बघून त्यांनी विचारलं, "काका, काम काय करता?"

हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. ज्ञानदेवांनी वाळूचं, धुळीचं सगळं सांगितलं. सीटी स्कॅन झाला. मग त्यांना समोर बसवून त्या म्हणाल्या, "त्या मशीनला टीबी ओळखायला शिकवलंय. तुमच्या फुप्फुसातले डाग वाळूच्या धुळीचे आहेत. घरात कुणाला लागण होणार नाही."

"मग औषध?"

"फुप्फुस पहिल्यासारखं करणारं औषध नाही, काका. उलट यातून पुढे खरंच टीबी होऊ शकतो. दर सहा महिन्यांनी फोटो काढावा लागेल."

"चार महिने पोरीला जवळ घेतलं नाही मी," ज्ञानदेव एवढंच बोलले.

कारखान्याने त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. केसरबाई एका कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जाऊ लागल्या.

डिसेंबरात ते फोटोला गेले तेव्हा वर्षालीबाईंची बदली झाली होती. जाण्याआधी त्यांनी ज्ञानदेवांच्या कामाची, आजाराची चिठ्ठी लिहून दिली होती. ज्ञानदेवांनी ती पुढे केली.

"फाइलीत ठेवा. इथं उभे राहा," टेक्निशियन म्हणाला.

ज्ञानदेव हलले नाहीत. टेबलाची कड धरून त्यांनी श्वास गोळा केला.

"आधी वाचा," ते म्हणाले.