'येतो' म्हणून गेलेल्या लाटा

शिरूरच्या कॉलेजातले आमचे फिजिक्सचे सर निरोप घेताना कधी "जातो" म्हणत नाहीत, दुसऱ्यालाही म्हणू देत नाहीत. इतकं शिकले, पण बोलण्यातलं "हाय" आन् "न्हाई" काही सुटलं नाही. विचारात असले की शर्टाचं वरचं बटण काढतात, उत्तर सापडलं की लावतात.

काही लाटा पसरून विरत नाहीत, आकार टिकवून एकट्याच पुढं जातात. अशा दोन लाटांची टक्कर कॉम्प्युटरवर घडवून बघायची, हे त्यांच्या हाताखालचं माझं संशोधन. पहिल्यांदा टक्कर झाली, लाटा लांब गेल्या आणि मी आनंदानं प्रोग्राम थांबवला.

"सुटल्या, सर!"

"थांबवलास कशाला? 'येतो' म्हणून गेल्यात त्या. चालू दे."

चालू दिला. खरंच लाटा मागं फिरल्या, पुन्हा धडकल्या आणि मग कायमच्या सुटल्या. पहिल्या टकरीत जो जोर त्यांच्या अंगातल्या थरथरीत अडकला होता, तो दुसऱ्या टकरीनं त्यांना परत दिला होता.

पुढं घरच्यांच्या सांगण्यावरून मी संशोधन सोडलं, रांजणगावला कंपनीत लागले. निघताना म्हणाले, "जाते, सर."

त्यांनी मान वर केली नाही. "येते म्हणावं."

वर्षभरानं रांजणगावहून एसटीनं कॉलेजात परत गेले, वाटभर माफीचे शब्द जुळवत. खोलीत शिरले तर स्क्रीनवर माझ्याच लाटा धडकत होत्या. सरांनी बटण लावलं आणि खुर्ची पुढं सरकवली.

"बंद केला न्हाई मी. बस."