मिस्त्रीच्या गाडीतला बेस

हसणार असाल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी चहा पिऊन गप उठतो. चूक माझीच होती, मान्य! पण तिच्यापायी मी किती जणांवर डाफरलो ते ऐकलंत, तर मला दारात उभं करणार नाही तुम्ही.

मिरजगावात माझं दुकान आहे, विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं. मेहुणा राहात्याचा. त्याच्या गाडीत असा वूफर, की गाडी वेशीत शिरली की आमच्या स्वयंपाकघरातली ताटं वाजतात! दिवाळीला मी सगळ्यांसमोर बोलून बसलो, "त्यात काय एवढं? स्वस्तातला डबा आणून मी स्वतः बसवतो. तुझ्यापेक्षा जास्त हादरवतो की नाही बघ!"

नगरहून वूफर आणला. सोबत जोडणीचा कागद होता, तो फेकून दिला. वीस वर्षं वायरीत हात घालणारा माणूस कागद वाचणार होय?

माझ्या गाडीच्या डिक्कीत डबा बसवला, गाणं लावलं. गाणाऱ्या बाईचा आवाज खणखणीत. आणि ढोल? लांब कुठल्या तरी वावरात कुणी गोणपाट झटकतंय, असा! आवाज वाढवला, तर बाईच किंचाळायला लागली.

तडक दुकानदाराला फोन लावला. "वूफर दिलाय का रिकामा डबा?"

"साहेब, वायरी एकदा तपासल्या का?"

"मला वायरी शिकवता? मला?"

एवढा भांडलो, की बिचाऱ्याने डबा बदलून दिला. तोही तसाच! मग मी डब्याच्या फटी सुताराकडची लांबी भरून बुजवल्या. बायकोच्या उशा फाडून कापूस आत कोंबला.

बायको म्हणाली, "अहो, रविवारी दादा येतोय. त्याला डोक्याखाली काय वूफर द्यायचा?"

उजाडला रविवार. मेहुणा यायच्या तासभर आधी नामदेवतात्या ट्रॅक्टरवर मोटार घालून दुकानात हजर. "मिस्त्री, पानीच चढंना. जळली बगा."

लावून पाहिली तर मोटार ठणठणीत! शेतावर नुसती उलटी फिरत असणार. दोन वायरींची अदलाबदल केली की संपलं. माझं डोकं आधीच तापलेलं. भिंतीवर मीच लाल अक्षरात रंगवलेली पाटी लावलीय: 'पाणी चढत नसेल तर आधी दोन वायरी बदलून पाहा. उगाच मोटार उचलून आणू नका.'

"वाचता येत नाही का तात्या? चार माणसं लावून विहिरीतनं मोटार काढलीत ती?"

तात्या ओशाळून बाकावर बसले. आता वाईट वाटतं, तेव्हा नाही वाटलं.

तेवढ्यात मेहुणा आला, माझ्या दुकानाचे पत्रे वाजवत. "दाजी, लावा की तुमचा!"

लावला. मेहुण्याने दुकानासमोर उभ्या माझ्या गाडीच्या डिक्कीला कान टेकवला. "चालू हाय का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! दुकानदार चोर, डबा भंगार, गाडीच कुचकामी, असा माझा पट्टा सुरू झाला.

बाकावरून तात्या हळूच म्हणाले, "मिस्त्री, दोन वायरी बदलून बगितल्या का?"

"तात्या! ही काय विहिरीची मोटार वाटली का? थांबा, दाखवतोच तुम्हाला!" असं म्हणून, निव्वळ म्हाताऱ्याला खोटं पाडायला, मी वूफरच्या दोन वायरी इकडच्या तिकडे केल्या.

धडाम्! पत्रे थरथरले, पान्हे खिळ्यांवरून पडले, मेहुणा दोन पावलं मागे सरला. मी प्लस-मायनस उलटे जोडले होते हो! वूफर पुढे ढकलायचा तेव्हा दारातले स्पीकर मागे ओढायचे, आणि बेस मधल्या मधे मरायचा. त्या कागदावर हेच लिहिलेलं असणार.

दुसरा ठोका पडला तशी भिंतीवरची पाटी निखळून खाली आली. तात्या उठले. धोतराच्या सोग्याने तिच्यावरची धूळ पुसली आणि पाटी माझ्या हातात दिली.

"आमचं वाचून झालं, मिस्त्री. आता तुमी वाचा."