लाल पाटी आली तर पुढे जा

‘वसंतराव, विमा कंपनीच्या टपाल खात्यात पस्तीस वर्षं तुम्ही लोकांची पाकिटं लाखेनं बंद केलीत. आपल्या चाळीचं टपाल मात्र उघड्यावर टाकलंत. जिन्याखालच्या फळ्यावरचा वायफायचा पासवर्ड आजच्या आज पुसा आणि नवा घाला. – सुमेधा, खोली नऊ.’

सोमवारी सकाळी ही चिठ्ठी दाराखालून सरकवून सुमेधाबाई परत फिरल्या. समोर बोलल्या असत्या, तर याहून वाईट शब्द गेले असते.

वसंतराव गिरगावातल्या त्या चाळीचे चिटणीस. पाण्याची वेळ, कुणाचं तेरावं, सगळं फळ्यावर, वळणदार अक्षरात. चाळीत सामायिक वायफाय आलं, तेव्हा पासवर्डही तिथेच चढला. मग गेल्या महिन्यात सगळ्यांच्या स्क्रीनवर लाल पाटी येऊ लागली, ‘कनेक्शन सुरक्षित नाही.’ वसंतरावांनी खडू उचलला आणि लिहिलं, ‘लाल पाटी आली तर पुढे जा दाबावे.’ आज्ञाधारक चाळ दाबत राहिली.

स्वतः वसंतरावांनीही दाबलं आणि वकिलांना मेल पाठवली: पुनर्विकासात साडेपाचशे फूट मागू, पण पाचशेवर सही करू.

रविवारच्या बैठकीत बिल्डरचा माणूस चहा निवायच्या आत म्हणाला, “पाचशे. वर एक फूट नाही.” वरच्या पन्नास फुटांत सुमेधाबाईंनी नातीची, मनवाची, खोली मनातल्या मनात मांडून ठेवली होती.

कॉम्प्युटर शिकणाऱ्या मनवानं संध्याकाळी लॅपटॉप उघडला. “आजी, राउटरचा आणि चौदा नंबरच्या नव्या भाडेकरूच्या लॅपटॉपचा ओळखक्रमांक एकच दिसतोय. तो सगळ्यांच्या फोनना सांगतोय, राउटर मीच. आपलं सगळं आधी त्याच्याकडे जातं. तो वाचतो, मग बाहेर सोडतो.”

“आणि ती लाल पाटी?”

“ती हेच तर सांगत होती.”

सकाळी चौदा नंबरला कुलूप.

चिठ्ठी हातात घेऊन वसंतराव गॅलरीत आले. “सुमेधाताई, मी जन्मात कुणाचं पाकीट उघडलेलं नाही.”

“तुम्ही नाहीच उघडलंत. उघडणाऱ्याची सोय केलीत.”

“बदलतो हो. पण नवा पासवर्ड बावीस बिऱ्हाडांना कळवायचा कसा? फळ्यावर लिहावाच लागणार.”

“घरोघरी जाऊन सांगा.”

“गुडघे बघताय ना माझे. उद्या करतो.”

गणपती आले, गेले. पाचशे फुटांवर सह्या झाल्या. जुना पासवर्ड फळ्यावर तसाच आहे. मध्यंतरी पुसट झाला होता, म्हणून वसंतरावांनी त्यावरून पुन्हा खडू फिरवला.